अकरा नंबरची जागा

पहिल्यांदा काकांबरोबर कॅम्पग्राउंड बघायला गेले, तेव्हा तिथली देखरेख करणारी म्हातारी बाई धावतच माझ्याकडे आली होती. हे तुझे वडील का, यांना काय झालंय, ॲम्ब्युलन्स बोलावू का, सगळं एका दमात. काका तंबू ठोकायच्या सात नंबरच्या जागेवर उताणे पडले होते. टोपी तोंडावर, हात दोन्ही अंगांना पसरलेले. मी तिला सांगितलं की हे माझे घरमालक आहेत आणि ते जागा बघताहेत. तिला काही ते पटलं नाही. तेवढ्यात टोपीखालून मराठीत आवाज आला, "तिला सांग, अजून चार मिनिटं."

जागा डोळ्यांनी बघायची नसते, पाठीनं बघायची असते, असं त्यांचं म्हणणं. डोळे झरा दिसला की भुलतात, पाठ भुलत नाही. प्रत्येक जागेवर ते दहा मिनिटं पडायचे. मग उठून घरून आणलेल्या पितळी तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतायचे आणि ते कुठल्या अंगाला पळतं ते वाकून पाहायचे. मग मान वर करून एकेक झाड तपासायचे. कुठली फांदी वाळली आहे, ती पडली तर कुणाच्या तंबूवर पडेल. शेवटी संडासापर्यंत पावलं मोजत जाऊन यायचे. वास येणार नाही इतका तो लांब हवा आणि म्हाताऱ्या माणसाला वेळेत गाठता येईल इतका जवळ. मी तेव्हा नुकतीच नागपूरहून आले होते, तंबूत झोपायचं ही कल्पनाच मला गमतीची वाटत होती, आणि इथे हा माणूस मुलीसाठी स्थळ बघावं तशी जागा बघत होता.

आम्ही अल्फारेटात त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचो. नवरा ऑफिसला जायचा आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरात बसून भिंती मोजायचे. दुपारी जिन्यावरून काकांची हाक यायची, "नुसती बसलीयेस ना? चल." कुठे ते विचारायची सोय नव्हती. कधी टरबूज घ्यायला, कधी एखादा पूल बघायला. काकांनी इथे तीस वर्षं पुलांची तपासणी केली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती त्यांच्या अंगातून गेली नव्हती. रेस्टॉरंटमध्ये शिरले की आधी छताकडे बघायचे आणि मग वेटरनं दाखवलेलं टेबल सोडून भलत्याच टेबलावर जाऊन बसायचे. मेन्यूकार्ड आमच्या हातात यायच्या आत सगळ्यांची ऑर्डर देऊन मोकळे. तुला काय हवं, हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पुढे आम्ही घर घ्यायला निघालो तेव्हा खिशात गोटी घेऊन हजर. गोटी हॉलमध्ये सोडली, ती घरंगळत किचनपर्यंत गेली, आणि काका एजंटला थँक यू म्हणून बाहेर. आम्हाला ते घर फार आवडलं होतं. वर्षभरानं त्याच घराच्या पायाला भेग गेली. काका बहुतेक वेळा बरोबर असायचे, हीच त्यांची मोठी अडचण होती.

काकू मात्र त्यांच्या या तपासणीला कधी जायच्या नाहीत. "मी जागा बघायला येत नाही, मी फक्त झोपायला येते," म्हणायच्या आणि मजेत हसायच्या. बुटक्या, गोऱ्या, सदा काहीतरी निवडत बसलेल्या. जंगलात अस्वलं असतात म्हणून काकांनी कॅम्पवर फोडणीला बंदी घातली होती. काकू डब्यात घरूनच फोडणी करून न्यायच्या आणि तिथे वरणावर घालायच्या. अस्वल एकदाही आलं नाही. शेजारच्या तंबूतले लोक मात्र वाट्या घेऊन आले होते.

गंमत अशी की इतकी सगळी परीक्षा घेऊन काका दरवर्षी निवडायचे ती जागा एकच, अकरा नंबरची. आणि ती त्यांच्याच कसोटीला उतरायची नाही. एका कोपऱ्यात उतार होता. तंबूच्या बरोबर मधे एक मूळ वर आलेलं होतं आणि ते रात्रभर बरगडीत टोचायचं. झरा लांब. उलट पाच, सहा, सात या जागा पाण्याला लागून, सपाट, दाट सावलीच्या. पाचवर दमट आहे, सहावर फांदी वाळलेली आहे, सातवर मुंग्या आहेत, अशी कारणं काढत काढत स्वारी अकरावर येऊन थांबायची. मी एकदा चिडवलं, काका, परीक्षा सगळ्यांची घेता आणि पहिला नंबर आपल्याच मुलाला देता. ते हसले नाहीत. म्हणाले, त्यालाच दिलाय.

मग कळलं. मुलगा सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा ते तिघं तिथे गेले. इतर जागा भरलेल्या होत्या, म्हणून अकरा मिळाली. त्या मुळावरून कुणी झोपायचं यावर बापलेकांचं भांडण झालं आणि शेवटी मूळ मधे ठेवून दोघं दोन बाजूंना झोपले. त्यानंतर मेच्या शेवटच्या लाँग वीकेंडला दरवर्षी तेच. मुलगा मोठा झाला, कॉलेजला गेला, तरी त्या वीकेंडला यायचा. त्या कॅम्पग्राउंडला बुकिंग नाही. जो आधी पोचेल आणि तंबू ठोकेल त्याची जागा. म्हणून काका गुरुवारी सकाळीच जाऊन अकरावर तंबू ठोकून बसायचे आणि बाकीचे शुक्रवारी संध्याकाळी पोचायचे.

आमच्या दुसऱ्या वर्षी काकू आजारी पडल्या. काविळीचं निमित्त झालं आणि तपासात कॅन्सर निघाला, तोही पार पसरलेला. मुलगा तेव्हा मिनेसोटात ईडन प्रेरीला होता, वकिलीच्या परीक्षेची तयारी करत होता. काकांनी त्याला सांगितलं, आईला थोडी कावीळ आहे, औषध चालू आहे, तू अभ्यास कर. रोज फोनवर हेच. काकूंनाही त्यांनी तेच बोलायला लावलं. मी खाली बसून ऐकत असायचे. वरच्या मजल्यावरचं बोलणं बेसमेंटमध्ये स्वच्छ ऐकू यायचं, मग ते ऐकायचं असो वा नसो. परीक्षा संपली त्या दिवशी काकांनी त्याला ये म्हणून सांगितलं. तो आला तेव्हा काकूंची शुद्ध हरपून दोन दिवस झाले होते. ती परत आली नाही.

दहाव्या दिवशी छतातून मुलाचा आवाज आला. ओरडत नव्हता. "यू डिसायडेड फॉर मी, बाबा. परीक्षा पुन्हा देता आली असती." संध्याकाळी मुलगा बॅग घेऊन गेला आणि पुन्हा त्या घरात आला नाही. मी नवऱ्याशी तावातावानं बोलले होते. असं कसं करू शकतो कुणी, आई जातेय हे मुलाला सांगायचं नाही म्हणजे काय. नवरा म्हणाला, आपल्याकडे सगळेच असं करतात. माझ्या आजोबांच्या वेळी मलाही परीक्षेनंतरच सांगितलं होतं, हे मला नंतर आठवलं.

पुढच्या मेमध्ये काका गुरुवारी अकरावर गेले. निघण्याआधी त्यांनी मुलाला मेसेज टाकला, तो त्यांनी मला दाखवला, बरोबर लिहिलाय का म्हणून. "अकरा. गुरुवारपासून." एवढंच. मी म्हटलं, अजून काहीतरी लिहा, कसा आहेस वगैरे. म्हणाले, त्याला कळतं. उत्तर आलं नाही. मुलगाही आला नाही. एकटे कसे राहतील म्हणून आम्ही त्या वर्षी शुक्रवारी तिथे गेलो आणि मग जातच राहिलो. आमचं पाहून दुसरं कुटुंब आलं, मग तिसरं. दरवर्षी मेसेज जायचा, दरवर्षी तोच एक आकडा आणि तोच एक शब्द. काका खुर्ची टाकून बसायचे ती मुख्य रस्त्याकडे तोंड करून. अकरावरून कॅम्पग्राउंडमध्ये वळणारी प्रत्येक गाडी दिसते, आणि झरा लांब असल्यामुळे ती दिसायच्या आधी ऐकूही येते. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, गाडीचा आवाज आला की ते बोलता बोलता थांबायचे.

अशी पाच वर्षं गेली. आता आम्ही नऊ कुटुंबं झालो होतो, व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला होता आणि त्या ग्रुपची पुढारी अर्थातच मी झाले होते. मे महिना म्हणजे भारतातून आईवडील येण्याचा काळ. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, आणि त्या कॅम्पग्राउंडला संडास म्हणजे खाली खड्डा असलेली खोली, पाण्याचा एक नळ आणि मोबाइलला नेटवर्क शून्य. दोघांना ऑफिसच्या कॉलवर राहायचं होतं. कुणीतरी ग्रुपवर दुसऱ्या कॅम्पग्राउंडची लिंक टाकली. मोठं तळं म्हणजे लेक, गरम पाण्याचे शॉवर, फ्लशचे संडास, ऑनलाइन बुकिंग. मी पोल घेतला. सगळ्या कुटुंबांचं मत पडलं, लेकला. काका ग्रुपवर नव्हतेच. त्यांना मी सगळं बुक झाल्यावर सांगायला गेले.

ते शांतपणे म्हणाले, तुम्ही जा, मी अकरावर जातो. मी म्हटलं, चालणार नाही. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयात स्टेंट बसला होता. तिथे नेटवर्क नाही, काही झालं तर कुणाला कळणारसुद्धा नाही. ते म्हणाले, एक वर्ष गेलो नाही आणि तो नेमका तेव्हाच आला तर. तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. विसरायचा प्रयत्न करून झालाय.

"काका, पाच वर्षांत आला नाही तो. आता काय येणार आहे?"

त्यांच्या काळजीपोटीच बोलले मी. शिवाय बोलले तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाले, बरं, किती वाजता निघायचं. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांचे निर्णय घेतले, त्यानं माझा निर्णय एका वाक्यात मान्य केला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

लेकवर सगळे खूश होते. म्हातारी मंडळी गरम पाण्यानं अंघोळी करून ताजीतवानी, मुलं पाण्यात, कॉलवाले कॉलवर. काका आपल्या जागेवर दोन मिनिटं पाठ टेकून पडले आणि उठले. तिथे तपासायला काही नव्हतं, जमीन यंत्रानं सपाट करून वर खडी अंथरलेली होती. मग त्यांनी खुर्ची टाकली, ती पार्किंगकडे तोंड करून. कुणीतरी हसत म्हणालं, काका, लेक इकडे आहे. तेही हसले. शनिवारी दुपारी धो धो पाऊस झाला तेव्हा सगळे तंबूत पळाले आणि काका छत्री धरून तिथेच बसून राहिले. निघताना मला म्हणाले, गरम पाणी चांगलं होतं हं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

ऑक्टोबरात त्यांना धाप लागायला लागली. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा फुफ्फुसांत पाणी झालेलं होतं आणि हृदय फार थकलेलं होतं. फॉर्मवर जवळचा माणूस म्हणून त्यांनी माझं नाव लिहिलं होतं, म्हणून डॉक्टर माझ्याशी बोलली. तिनं काही लपवलं नाही. थोडे दिवस, कदाचित त्याहूनही कमी. मी काकांना विचारलं, मुलाला कळवू का. ते म्हणाले, नको, त्याला काम असेल. मी मान डोलावली आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन त्यांच्याच फोनवरून मुलाला फोन लावला. या वेळी तरी न सांगण्याचं पाप माझ्या हातून होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मी ओळख सांगितली आणि सरळ सांगितलं, बाबा जातायत, वीकेंडची वाट बघू नकोस, उद्याच ये. फ्लाइट बघतो म्हणाला. आणि मग म्हणाला, "ताई, मी मेमध्ये गेलो होतो."

मी विचारलं, कुठे.

"अकरावर. यावर्षी बाबांचा टेक्स्ट आला नाही. आय गॉट स्केअर्ड. सो आय वेंट."

काकांनी त्या वर्षी मेसेज टाकला नव्हता. माझ्या त्या वाक्यानंतर टाकला नव्हता. आणि पाच वर्षांच्या मेसेजनी जो आला नाही, तो एका न आलेल्या मेसेजनं आला. शनिवारी दुपारी पावसात पोचला. अकरावर कुठलं तरी गोरं कुटुंब होतं, लहान मुलं होती. सगळ्या जागा त्यानं फिरून पाहिल्या. फोन लावायला गेला तर नेटवर्क नाही. तासभर गाडीत बसला. परत निघाल्यावर डोंगर उतरताना फोनला नेटवर्क आलं, पण तोवर त्याला वाटायला लागलं होतं की बाबांनी वाट बघणं सोडलं, आणि आपण त्यांना ते सोडू द्यावं. त्यानं फोन केला नाही. हे सगळं तो इंग्रजीत सांगत होता, शांतपणे, आणि मी कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून उभी होते. त्याच शनिवारी, त्याच पावसात काका छत्री धरून पार्किंगकडे बघत बसले होते, तिथून दीड तासाच्या अंतरावर. मी तिथे नेऊन बसवलं होतं त्यांना.

आत गेले आणि काकांना सांगितलं, तो येतोय, उद्या दुपारी पोचेल. ते रागावतील असं वाटलं होतं. कशाला त्रास दिलास त्याला, एवढं म्हणाले. मग थोड्या वेळानं गालावरून हात फिरवत म्हणाले, दाढी करायला हवी. नर्सला मी विनंती केली. तिनं फार हळुवारपणे त्यांची दाढी केली. काका आरशात बघून म्हणाले, ठीक आहे.

तेव्हा सांगायचं होतं मी. काका, तो आला होता. मेमध्येच आला होता, अकरावर, आणि तुम्ही नव्हतात कारण मी तुम्हाला जाऊ दिलं नाही. शब्द तोंडापर्यंत आले होते. मग मनात आलं, त्यांना धक्का बसेल, डॉक्टर म्हणाली आहे शांत राहू द्या. मग मनात आलं, हे मुलानंच सांगावं, त्याचा हक्क आहे, उद्या येतोच आहे. किती चांगली चांगली कारणं सुचली मला. खरं कारण एवढंच होतं की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. काकूंच्या वेळी काका रोज फोन हातात घेऊन कसे उभे राहत असतील आणि कावीळ आहे असं का म्हणत असतील, ते मला त्यांच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसल्यावर समजलं. आपल्याला वाटतं आपण समोरच्याला जपतोय.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला काका गेले. मुलाचं विमान तेव्हा हवेत होतं.

तो दीडच्या सुमाराला आला. हातात बॅग नव्हती, नुसता कोट. तिशी ओलांडलेला, काकूंसारखा गोरा, चालणं थेट काकांचं. मी काही बोलायच्या आधीच त्याला कळलं. आत जाऊन तो काकांजवळ बसला. मी बाहेर थांबले. बऱ्याच वेळानं त्यानं मला आत बोलावलं. यांची दाढी कुणी केली, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तू येणार म्हणून त्यांनीच करून घेतली. त्यानं मान हलवली. काकांचा हात त्याच्या हातात होता.

"डिड यू टेल हिम, मी मेमध्ये गेलो होतो ते?"

हो म्हणता आलं असतं. हे कोण पडताळून बघणार होतं? त्या एका शब्दानं त्याला किती बरं वाटलं असतं, आणि माझी सुटका झाली असती ती वेगळीच. पण याच्या आयुष्यात कायम दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं की याला काय कळावं आणि काय कळू नये. मी त्याला सगळं सांगितलं. लेक, पोल, मी बोललेलं ते वाक्य, आणि कालचा दिवस, जेव्हा सांगायला पूर्ण संध्याकाळ माझ्या हातात होती आणि मी सांगितलं नाही. तो ऐकत होता, माझ्याकडे न बघता.

इतका वेळ इंग्रजी मिसळून बोलणारा तो मुलगा मग निव्वळ मराठीत बोलला, शब्द जुळवत, हळूहळू.

"म्हणजे बाबांना शेवटपर्यंत वाटलं, मी आलोच नाही."

"हो," मी म्हणाले.